वनस्पती उद्यानातल्या शिकाऊंची भरती मृगाआधी करा

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: पुण्यातील वनस्पती उद्यानांमधील प्रशिक्षणार्थींच्या रुजू होण्याची तारीख, मुदत आणि काम

महोदय,
स.न.वि.वि.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सहा महिन्यांची म्हणून सुरू झाली, नंतर ती पाच महिन्यांनी वाढली. बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये दरमहा विद्यावेतन ठरलं. कचेरीतल्या कामाला ही चौकट चालते, कारण तिथे ऑगस्टमध्ये आलेला मुलगा जे शिकतो तेच फेब्रुवारीत आलेलाही शिकतो. बागेत तसं होत नाही. बागेतलं बहुतेक महत्त्वाचं काम वर्षातून एकदाच येतं आणि ते चुकलं की बारा महिने थांबावं लागतं. म्हणून आमची मुख्य मागणी मुदतीपेक्षा तारखेची आहे: शिकाऊ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बागेत रुजू झाला पाहिजे आणि पुढच्या जूनपर्यंत तिथे राहिला पाहिजे.

आंब्याचं कोय कलम घ्या. कोया ताज्या असतानाच, जूनमध्ये, गादीवाफ्यावर किंवा पिशवीत लावाव्या लागतात. वाळलेली कोय उगवत नाही. रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना कलम बांधायचं. कलमकाडी, म्हणजे रोपावर बसवायची चांगल्या झाडाची काडी, तीन-चार महिन्यांच्या फांदीची, दहा ते पंधरा सेंटीमीटर लांब, रोपाच्या जाडीची. काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. ही तयारी कुणी सांगत नाही आणि मग ‘कलम का मेलं’ याची कारणं पावसात शोधली जातात. रोपाला मधोमध तीन-चार सेंटीमीटरचा काप, काडीला तेवढीच पाचर, एका बाजूची तरी साल सालीला भिडलेली, वरून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधणी. पट्टी सैल राहिली की पाणी आत शिरतं आणि जोड काळा पडतो. चाकू बोथट असेल तर काप ठेचला जातो, पाचर आणि चीर यांत पोकळी राहते. जोड धरल्यावर पट्टी सोडायला विसरलं तर तीच पट्टी खोडाला गळफास होते, आणि हे कळतं डिसेंबरात. जुलैत बांधायला शिकलेला आणि जानेवारीत निरोप मिळालेला मुलगा आपलीच चूक पाहत नाही.

गुटी कलमाचंही तेच; यात फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. डाळिंब, पेरू, लिंबावर पावसाळ्यात अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढली, पण खालचा पांढरा चिकट थर खरवडला नाही, तर झाड तीच साल पुन्हा जोडून घेतं आणि मुळं फुटत नाहीत. साल काढलेल्या जागी ओलं मॉस (शेवाळ) पिळून लावायचं. निथळतं ठेवलं तर कुजतं, कोरडं पडलं तर मुंग्या घर करतात.

बियांच्या बाबतीत तारीख आणखी निष्ठुर आहे. जांभूळ, फणस, आंबा यांचं बी वाळवून साठवता येत नाही. काही आठवड्यांत त्याचा जीव जातो. जांभूळ पिकतं जूनमध्ये. भरतीची फाइल मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून बागेत पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला, तर शिकाऊच्या हातात फक्त बहावा आणि साग उरतात. तेही शिकण्यासारखंच: बहाव्याचं टणक कवच एका बाजूने घासल्याशिवाय पाणी आत जात नाही, आणि सागाची फळं आलटून-पालटून भिजवावी-वाळवावी लागतात. चंदनाचं बी जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या 500 पीपीएम (दहा लाखात 500 भाग) द्रावणात रात्रभर ठेवलं तर उगवण सुधारते, पण पिशवीत शेजारी तूर नसेल तर रोप पुढे पिवळं पडतं, कारण चंदन दुसऱ्याच्या मुळांतून अन्न घेतं. हे वर्गात एका वाक्यात सांगून होतं. पिवळी पिशवी आणि हिरवी पिशवी शेजारी ठेवून पाहिलं तर विसरत नाही.

पुण्याला या कामासाठी जागा शोधायची गरज नाही. गणेशखिंडीतली बाग 1873 पासूनची. आज ती महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि 2020 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून आहे. एम्प्रेस गार्डनमधली जुनी झाडं आणि जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन सर्वांना माहीत आहे. सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की सोरतापवाडी आणि उरुळी कांचनचा रोपवाटिकांचा पट्टा लागतो, जिथे घराघरात कलमं बांधली जातात. शिकाऊने वर्षातले दोन महिने तरी त्या पट्ट्यात काढावेत. वनस्पती उद्यानात नेमकेपणा येतो, रोपवाटिकेत हाताचा वेग; एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

वनस्पती उद्यान आणि सार्वजनिक बाग यांतला फरक नोंदवहीत आहे, आणि शिकाऊला पहिल्या दिवशी तीच द्यावी. बागेत येणाऱ्या प्रत्येक रोपाला वर्ष आणि अनुक्रमांक मिळून एक क्रमांक मिळतो. त्यापुढे शास्त्रीय नाव, कुळ, कुठून आलं, कुणी आणलं, बी होतं की कलम, कुठल्या वाफ्यात लावलं आणि मेलं तर कधी व कशाने. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. मेलेल्या झाडाची नोंद करायला लाज वाटते म्हणून पुढचा माणूस तेच झाड त्याच ठिकाणी पुन्हा लावतो. पाटी खोडाला तारेने गुंडाळू नये, तार सालीत रुतते; लहान झाडाची पाटी जमिनीत खुंटीवर असावी.

जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी ही दुर्मीळ, मांसल खोडाची वनस्पती उगवते. तिचं शास्त्रीय नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडलं. फांदीचा काप लावून ती वाढवता येते, पण काप सावलीत सुकून त्यावर खपली धरेपर्यंत थांबावं लागतं. घाईने ओल्या मातीत खोचला की बुडाशी कुजतो. पावसाळ्यात कुंडीला छप्पर हवं. अशा झाडावर चूक करण्याआधी शिकाऊने शंभर जास्वंदींवर हात बसवलेला असावा.

आता कामाबद्दल स्पष्ट बोलतो. अनेक ठिकाणी शिकाऊ म्हणजे फुकटचा झाडूवाला. पाचोळा गोळा करणं, नळी धरून उभं राहणं, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडणं. पाणी घालणंही शिकवावं लागतं: पुण्याच्या काळ्या मातीत वरची भेग पाहून पाणी द्यायचं नसतं, बोट दोन इंच खाली घालून पाहायचं असतं. कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. अर्धकच्चं शेणखत घातलं की हुमणी आणि वाळवी सोबत येतात. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट न धुता वापरली तर तिच्यातल्या मिठाने कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

बुरशीवर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रणही शिकवावं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या पिंपांत विरघळवून एकाच वेळी तिसऱ्यात ओतायचं. लखलखीत लोखंडी विळा बुडवून पाहायचा. त्यावर तांब्याचा लालसर थर आला तर मिश्रण आम्लधर्मी, चुन्याची निवळी वाढवा. गोणीत महिनोन्महिने पडलेला चुना वापरला की हा थर हमखास येतो. त्याच दिवशी संपवायचं. फवारताना मुखपट्टी, हातमोजे आणि बूट बागेने द्यावेत, आणि ही अट आदेशातच लिहावी. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द नको.

छाटणीत मोठी फांदी एका घावात उतरवली तर तिच्या वजनाने खोडाची साल हातभर सोलली जाते. आधी खोडापासून फूट-दीड फुटावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर गळपट्ट्याच्या अगदी बाहेरून. गळपट्टा कापला तर जखम भरत नाही. आणि झाडावर चढण्याचं काम शिकाऊला देऊच नये, सुरक्षापट्टा असो वा नसो.

दोन प्रशासकीय गोष्टी. योजनेत किमान अट बारावीची आहे, त्यामुळे रोपवाटिकांच्या गावांतली, दहावीला शाळा सुटलेली, हात तयार असलेली मुलं बाहेर राहतात. त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेचा मार्ग वापरावा; त्यात केंद्राकडून विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, दरमहा 1,500 रुपयांपर्यंत, मिळतो. दुसरं, शिकवणाऱ्याबद्दल. ज्याला खरोखर कलम बांधता येतं तो माळी बहुधा प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही, कारण त्याच्याकडे पदवी नाही. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय कौशल्य योजनांत आहेच. तिच्याखाली ज्येष्ठ माळ्यांना प्रशिक्षक म्हणून नेमा आणि तासाप्रमाणे मानधन द्या.

परीक्षा कागदावर नको. जुलैत प्रत्येकाने पन्नास कलमं बांधावीत, मार्चमध्ये जिवंत मोजावीत. पाट्या झाकून शंभर झाडं ओळखायला लावावीत, त्यात पानझडीच्या दिवसांतली वीस असावीत. तीस कलमं मेली तरी मुलाला नापास करू नका. ती का मेली हे त्याने नोंदवहीत बरोबर लिहिलं असेल तर तो पास.

हे सगळं येत्या मृगाला सुरू करायचं असेल तर जाहिरात एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघायला हवी, निवड मेच्या मध्यापर्यंत संपायला हवी. कोया, पिशव्या आणि लाल मातीची मागणी बागांनी त्याआधीच नोंदवावी. पाऊस पडल्यावर लाल मातीचा ट्रक बागेत शिरत नाही.

आपले,
पुण्यातील उद्यानं, रोपवाटिका आणि वनस्पतिशास्त्र विभागांत काम करणारे आम्ही काही जण