आई, यंत्र वाजलं तर वाजू दे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली आहेत. आधीच सांगून टाकते, नाहीतर "बघू पुढच्या वर्षी" असं मनात म्हणत पुढचं वाचाल. न विचारता काढली, कबूल. पण विचारलं असतं तर बाबांनी आईचे गुडघे पुढे केले असते, आईने बाबांचा पेसमेकर. माझ्या पदवीदानाला केलंत तसंच.

आई, खरं कारण मला कळलंय. गेल्या वेळी विमानतळावर ती धातू शोधणारी चौकट वाजली, तुला बाजूला घेतलं आणि अख्ख्या रांगेसमोर हात पसरून उभं केलं. फोनवर तू "काही नाही गं, तपासलं थोडं" एवढंच म्हणालीस. विमान सुटेपर्यंत तू एक शब्द बोलली नव्हतीस, हे बाबांनी मला नंतर सांगितलं. चूक माझी होती. सामानाच्या वजनाची चौकशी मी दहा वेळा केली, तुझ्या गुडघ्यांची एकदाही नाही.

नवा गुडघा म्हणजे मांडीच्या बाजूला कोबाल्ट-क्रोम, खाली बहुधा टायटॅनियम, मधे प्लॅस्टिक. तुझ्याकडे असे दोन, म्हणजे चौकट वाजणारच. तिला धातू कळतो, तो शरीरात बसवलेला आहे की कपड्यांत लपवलेला हे कळत नाही. म्हणून चौकटीपाशी पोचण्याआधीच सांगायचं, "दोन्ही गुडघे बदललेत." डॉक्टरांची चिठ्ठी दाखव, पण तिने तपासणी टळत नाही. अंगावरून हात फिरवून तपासायचं झालं तर बाईच तपासेल. आडोशाची खोली माग, बाबांना सोबत घे. हे नखरे नव्हेत गं. आणि हात वर करून उभं राहायचं ते काचेचं स्कॅनर असेल तर तेच निवड. त्याच्या लहरी कपड्यांतून जातात, कातडीच्या आत शिरत नाहीत, त्यामुळे गुडघे त्याला दिसतच नाहीत. सेफ्टी पिना मात्र दिसतात. तेव्हा तुझा तो पिनांचा गुच्छ घरी ठेव!

बाबा, आता तुम्ही. चौकटीतून नेहमीच्या चालीने जायचं. तिला टेकायचं नाही, आत रेंगाळायचं नाही. कुठलंही यंत्र दिसलं की ते कसं चालतं हे बघत उभं राहायची सवय त्या दिवसापुरती सोडा. तपासणाऱ्याने त्याच्या हातातलं यंत्र छातीजवळ आणलं तर "पेसमेकर आहे, हाताने तपासा" म्हणा. ते यंत्र छातीवर धरून ठेवू द्यायचं नाही. पेसमेकरचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको, हे किती वेळा सांगू?

लहानपणी तुमच्या छातीवर कान ठेवल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आता तिथे ते यंत्र आहे म्हणून मिठी मारतानासुद्धा मी बिचकते. वेडेपणाच आहे. शरीरात पेसमेकर बसवलेला पहिला माणूस आर्ने लार्सन, स्टॉकहोममध्ये, 1958 साली. त्याचा पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. पुढे वीसच्या वर बदलले आणि तो 86 वर्षांचा होऊन 2001 मध्ये गेला. तुमचा तर पहिलाच चाललाय.

न्यायला मी स्वतःच येणार होते, सुट्टी जमली नाही. म्हणून व्हीलचेअर सांगितली आहे, दोघांसाठीही. बाबा, रागावू नका. चालता येत नाही म्हणून नाही, रांगेत ताटकळायला नको म्हणून. आईला उभं राहणं जड गेलं तर बसल्या जागीही तपासतात. तिची सीट कडेची घेतली आहे, पाय लांब करता येईल, अधूनमधून उठून फिरताही येईल. इथे तुमची खोली तळमजल्यावर, कमोड उंच, बाजूला दांडा. खुर्चीही उंच आणली, आई, हाताला धरून उठवायला कोणी लागणार नाही. तरी मी येईनच.

गोळ्या हातातल्या बॅगेत, चार दिवसांच्या जास्तीच्या. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद.

आणि बाबा, किल्ल्यांच्या जुडग्यातला तो छोटा स्क्रूड्रायव्हर काढून ठेवा. आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर जुडगा दाखवायचा आहे.

तुमची,
मनी