एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारा

मा. संपादक,
स.न.

परदेशात शिकवण्याची नोकरी लावून देतो म्हणणाऱ्यांचे फलक आता आमच्या पूर्व भागातही लागलेत. मला एकाने दीड लाख सांगितले होते. नोंदणीकृत एजंटालासुद्धा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, हे नंतर कळलं.

मग मी थेट थायलंडमधल्या शाळांना लिहिलं. तिथलं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, म्हणून फेब्रुवारीपासून रोज रात्री शाळांच्या संकेतस्थळांवरून पत्ते काढून ईमेल. ४३ पाठवले, उत्तरं पाच. व्हिडिओ मुलाखतीत शेजारच्या यंत्रमागांची खडखड ऐकून समोरच्या बाईंनी विचारलं, पाऊस पडतोय का? मार्चमध्ये, सोलापुरात! मी फोन घेऊन खाली गेले, विणला जाणारा टॉवेल दाखवला, आणि धोटा (शटल) म्हणजे काय ते सोप्या इंग्रजीत सांगितलं. तोच माझा नमुना पाठ ठरला.

घरी तेलुगू, गल्लीत मराठी. इंग्रजी मातृभाषा नाही, त्यामुळे शाळेने टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागितले. शिवाय पदवी आणि पोलिसांचा दाखला. ‘टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्या दुसऱ्या शाळेला मी नकार दिला. कामासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसाच लागतो. नाना मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, “पैसेच मागत नाहीत, म्हणजे काहीतरी गडबड आहे.”

महाविद्यालयांनी सूचना फलकावर एजंटांची पत्रकं लावण्याआधी त्यांचा नोंदणी क्रमांक तरी विचारावा.

– एक शिक्षिका, सोलापूर