कुलूपबंद वसतिगृहाबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

परवा सरकारी वसतिगृहाची यादी लागली. माझ्या मुलीचे नाव त्यात नाही. मार्क कमी पडले असते तर गप्प बसलो असतो. पण जागाच नाहीत, आणि ज्या इमारतीत जागा व्हायच्या होत्या ती कुलूप लावून उभी आहे. गेल्या वर्षी तुम्हीच तिची फीत कापलीत. ‘येत्या जूनपासून इथे आपल्या लेकी राहतील,’ हे तुमचे माइकवरचे शब्द. जून गेला, दिवाळीही गेली. गृहपालांना विचारले तर हस्तांतरण झालेले नाही. बांधकामवाल्यांना विचारले तर फर्निचरचे टेंडर अडले आहे. कोणाकडे अडले, ते मात्र कोणी सांगत नाही.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघीजणी. दोरीवरचे ओले कपडे पुस्तकांवर ठिबकतात. रात्री दहाला मालकीण मेन स्विच खाली करते. दोघींत मिळून एकच डबा लावलाय, हे तिने आम्हाला सांगितलेसुद्धा नव्हते. तिची आई भेटायला गेली तेव्हा कळले. चार पोळ्या, एक भाजी, पातळ वरण, त्यात दोन वाढत्या वयाच्या पोरी. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणाला घास गोड लागत नाही.

वसतिगृह नाही तर ‘स्वाधार’ घ्या, म्हणतात; म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना. आमच्यासारख्या महापालिकेच्या शहरासाठी योजना आली तेव्हा वर्षाला ५१,००० ठरले, त्यातले राहण्याचे १५,०००. म्हणजे महिन्याला १,२५०. साहेब, या पैशात शहरात एक कॉट मिळवून दाखवा. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पात्र मुलींची फी माफ केली, चांगलेच केले. पण फी माफ झालेल्या मुलीने रात्री झोपायचे कुठे?

मी स्वतः वसतिगृहातच शिकलो. पत्र्याची पेटी, एक सतरंजी, पहाटे हौदावर रांग. रात्री हजेरी झाली की वरच्या वर्गातली मुले आम्हाला गणित शिकवायची. गावात ज्यांच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती, त्यांच्या मुलांच्या पंगतीला तिथे बसलो. माझ्या बापाकडे शिकवायला पैसा नव्हता, त्याच्याकडे फक्त ते वसतिगृह होते.

आणि ते सरकारने कृपा म्हणून दिलेले नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभे केले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छताखाली आणली. त्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. त्यांच्याकडे ना तुमचे बजेट होते, ना तुमचे खाते. तुमच्याकडे बांधून तयार इमारत आहे आणि तुम्हाला एक कुलूप उघडत नाही! तुमचा दौरा ठरला की विश्रामगृहाला रात्रीत रंग लागतो, नवे पडदे येतात. तेव्हा टेंडर कुठे जाते? या राज्यात पुढाऱ्याच्या मुक्कामाला घाई असते, गरिबाच्या लेकीच्या मुक्कामाला फाईल असते. जयंती आली की शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेता. घेऊ नका. आधी त्यांचे काम करा.

पोरींच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. फर्निचर राहू द्या, आम्ही पालक गाद्या आणून टाकतो, मुली जमिनीवर झोपतील. पाणी आणि वीज जोडा, एक महिला गृहपाल आणि रात्रीचा पहारेकरी नेमा. पुढच्या वर्षापासून वसतिगृहाची यादी कॉलेजच्या प्रवेशाबरोबरच लावा. आणि इमारत कोणत्या तारखेला उघडणार ते लेखी कळवा. ‘कार्यवाही सुरू आहे’ असे पत्र पुन्हा पाठवू नका, ते आम्हाला आधीच मिळाले आहे.

आपला,
एक पालक