द्राक्षे आंबट कधी म्हणावीत?

महोदय,

निवडणुकीत हरलेल्याने मतमोजणीवर शंका घेतली की मथळ्यात ‘द्राक्षे आंबट’ ठरलेलेच! द्राक्षांच्या जिल्ह्यात तरी हा वाक्प्रचार जरा जपून तोडावा.

इंग्रजीतले ‘सावर ग्रेप्स’ आणि आपली ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण, दोन्हींचे मूळ इसापच्या गोष्टीत. माणसाला वस्तू हवी होती, हात पोचला नाही आणि मग तो त्या वस्तूलाच नावे ठेवू लागला, हे तिन्ही जुळले तरच ती लागू पडते. तिसरी अट नेमकी विसरली जाते. मुलाखतीत नापास झालेला ‘वशिल्याने भरती झाली’ म्हणाला तर ती तक्रार, खरी किंवा खोटी. ‘तसल्या नोकरीत काय ठेवलंय!’ म्हणाला तर द्राक्षे आंबट. शेजाऱ्याची नवी गाडी पाहून पोटात दुखणे हा निव्वळ मत्सर. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ तर वेगळेच: तिथे दोष साधनाला, इथे फळाला. हल्ली इंग्रजीतही हरल्यावर कुरकुरणाऱ्या कोणालाही हे शब्द चिकटवतात. तिथे भाषांतरात ‘पराभव पचला नाही’ हेच बरे.

इंग्रजी लिहिताना ग्रेप्स नेहमी अनेकवचनी, कोल्ह्याचा उल्लेख नाही. ‘इट्स जस्ट सावर ग्रेप्स’ बरोबर. ‘ही इज अ सावर ग्रेप’ साफ चूक. बायबलमध्ये (यिर्मया 31:29, यहेज्केल 18:2) बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण येते. तिचा रोख आईबापांच्या कर्माची फळे मुलांनी भोगण्यावर आहे; कोल्ह्याशी तिचे नाते नाही.

गंमत म्हणजे मूळ ग्रीक कोल्हा द्राक्षांना ‘कच्ची’ म्हणतो. ला फाँतेनच्या 1668 च्या फ्रेंच कथेतही ती ‘फार हिरवी’ आहेत. आंबट हे चाखल्याशिवाय कसे कळणार? कच्ची म्हणणे निदान खपण्यासारखे. अर्थात आपल्या थॉमसनच्या (बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांच्या) बागेत तेही खपले नसते: हिरव्या वाणात नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते मऊ पडू लागल्यावर, साखर वाढते, आम्लता घटते आणि रसातली गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 18 ब्रिक्सच्या (ढोबळपणे 18 टक्के साखरेच्या) आसपास आकडा दिसला की काढणी. त्याआधी तोडलेला घड आंब्यासारखा अढीत पिकत नाही, आंबटच राहतो.

एक इंग्रजी शिक्षक, नाशिक