पेट्रोल टाकीच्या सीलरबाबत दुसरी तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोटारसायकलच्या टाकीत गंज रोखण्यासाठी आतून लावलेला आपला सीलर (लेप) पेट्रोलमध्ये मऊ पडून सुटल्याबाबत

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपले दोन ओळींचे उत्तर आले. टाकी नीट साफ न केल्यास थर सुटतो, यात उत्पादनाचा दोष नाही, असे त्यात लिहिले आहे. मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते पुराव्यासह सांगण्यासाठी हे पत्र.

टाकी माझ्या बाबांच्या मोटारसायकलची. ते गेल्यावर गाडी सहा वर्षे उभी राहिली, टाकी जेमतेम अर्धी भरलेली. रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर धरते, तिचे पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला जाते आणि तिथेच बसून पत्रा खाते. झाकण काढून टॉर्च मारला तर मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना लाल चिखल साचला होता. दुसरी टाकी घेता आली असती. पण या टाकीच्या दोन्ही बाजूंना बाबांचे गुडघे घासून रंग उडाला आहे, आणि त्या दोन खुणा मला ठेवायच्या होत्या. म्हणून हे काम मी घाईने उरकले असेल, असे कृपया समजू नका.

पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) काढून भोके बुचांनी बंद केली. एक जुनी साखळी आणि चाळीस नट मोजून आत टाकले, टाकी गोधडीत गुंडाळून हलवली, आणि नट मोजूनच बाहेर काढले. मग सायट्रिक अॅसिडचे कोमट द्रावण रात्रभर भरून ठेवले. एका रात्रीत भागले नाही, तीन वेळा बदलले. शेवटी आतला पत्रा सगळीकडे सारखा राखाडी दिसू लागला, तेव्हाच थांबले. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने अॅसिड मारले. असा उघडा पत्रा ओला राहिला तर काही मिनिटांत पुन्हा पिवळा पडतो, म्हणून लगेच अॅसिटोन फिरवले आणि ब्लोअरची हवा सोडून टाकी कोरडी केली. आपल्या पत्रकात या वाळवण्याबद्दल ‘टाकी सुकवा’ एवढेच दोन शब्द आहेत.

सीलर पत्रकाप्रमाणेच लावला. संचातल्या दोन्ही बाटल्या पूर्ण रिकाम्या करून एका वाटीत मिसळल्या, टाकी सगळ्या कुशींवर फिरवली, जास्तीचा सीलर कॉकच्या भोकातून निथळून दिला. पत्रकात चार दिवस वाळवायला सांगितले आहे, मी सात दिवस दिले. थर काचेसारखा कडक झाला होता. तो पाहून मला किती आनंद झाला, ते इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

अकराव्या आठवड्यात गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागे आई बसली होती आणि आमच्या पाठोपाठ एक ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक लावला. कॉक उघडला तर जाळीवर पांढुरके पापुद्रे चिकटलेले, कार्ब्युरेटरच्या वाटीत जेलीसारखा लगदा आणि मेन जेट, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणारे बारीक भोक, बंद.

आता आपल्या उत्तराकडे येते. मी पापुद्रे उलटून पाहिले. साफसफाई कच्ची राहिली असती, तर गंजावर बसलेला थर गंज घेऊनच सुटला असता आणि पापुद्र्यांची पाठ तांबडी दिसली असती. एकाही पापुद्र्याला गंज नाही. थर सुटला त्या जागी खाली पत्रा स्वच्छ आहे. फोटो जोडले आहेत.

याहून मोठा पुरावा माझ्याकडे आहे. टाकीत सीलर ओतला त्याच दिवशी मिसळायच्या वाटीत उरलेला सीलर मी कोऱ्या पत्र्याच्या एका पट्टीवर लावला होता. कुठलाही लेप लावताना एक नमुना बाजूला ठेवायचा, ही माझी जुनी सवय. त्या पत्र्यावर गंज कधी चढलाच नव्हता. पॉलिश पेपरने घासून, अॅसिटोनने पुसूनच सीलर लावला होता. आपले उत्तर आल्यावर त्या पट्टीचे दोन तुकडे केले. एक बरणीत, गाडीत भरते त्याच पेट्रोलमध्ये बुडवला. दुसऱ्यासाठी तेच पेट्रोल पाण्याबरोबर हलवून घेतले. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) पाण्यात उतरते आणि खालचा पाण्याचा थर वाढतो. 100 मि.ली. पेट्रोलला 10 मि.ली. पाणी घातले होते, तो थर जवळजवळ 20 मि.ली. झाला. वरचे पेट्रोल वेगळे काढून त्यात दुसरा तुकडा ठेवला.

तीन आठवड्यांनी पाहिले. इथेनॉल काढलेल्या पेट्रोलमधला थर अजूनही कडक आहे, पिन ओढली तरी ओरखडा उठत नाही. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमधला थर फुगला आहे आणि नखाने सोलून निघतो. पत्रा तोच, सीलर तोच, वाळवणही तेच. दोन्ही बरण्यांत फरक फक्त इथेनॉलचा.

आणि आपल्या डब्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, ‘सर्व प्रकारच्या पेट्रोलला टिकणारा’.

म्हणून विचारते. हा सीलर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तपासला होता का? तपासला असेल, तर किती टक्के इथेनॉलला आणि किती दिवस? याचे लेखी उत्तर मला हवे आहे. नुसत्या या बॅचमध्ये बिघाड असेल, तर ती बॅच परत मागवा. बाटल्यांवरचा क्रमांक फोटोत स्पष्ट दिसतो. उत्पादनच या पेट्रोलसाठी नसेल, तर डब्यावरचे ते वाक्य काढून तसे स्वच्छ छापा. इथेनॉल आजूबाजूचा ओलावा ओढून घेते. त्यामुळे ज्यांच्या टाक्या गंजतात आणि जे आपला डबा विकत घेतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या गाड्यांत हेच पेट्रोल असते.

संचाचे आणि कार्ब्युरेटर साफ करून घेतल्याचे पैसे परत मिळावेत, पावत्या सोबत आहेत. पण त्याआधी मला एका गोष्टीचे उत्तर द्या. टाकीत अर्धा थर अजून चिकटून आहे. तो राहू दिला तर पुन्हा जेट बंद होणार, आणि खरवडायला टाकीच्या आत हात जात नाही. हा थर कशाने विरघळतो, त्यासाठी काय काळजी घ्यायची आणि बाहेरच्या रंगाला त्याचा उपद्रव होईल का, हे आपल्या तंत्रज्ञांनी मला कळवावे. गुडघ्यांच्या खुणांजवळचा रंग जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे आणि फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. दोन्ही बरण्या झाकण लावून, तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवल्या आहेत. आपला माणूस पाहायला आला तर दाखवीन. एक पापुद्रा आणि पट्टीचा छोटा तुकडा या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावत्यांच्या प्रती, बॅच क्रमांक, पापुद्रे व दोन्ही बरण्यांचे फोटो, नमुने