मोगरा टाकून देऊ नकोस

वाई,
फाल्गुन वद्य नवमी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, दोन वर्षं झाली, नुसती पानंच पानं. आता मोगरा काढून तिथं मनीप्लँट लावते." तेवढ्यात तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, छकुलीनं काहीतरी सांडलं आणि फोन राहिला. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. हे सगळं फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शेजारचा मुलगा शनिवारी गाडीनं बंगळूरला निघालाय. त्याच्याबरोबर एक खोकं देतेय, त्यातच हे पत्र असेल.

मोगरा काढू नकोस. तुझ्या बाल्कनीतलं ते झाड नर्सरीतून आणलेलं नाही हे तुला ठाऊक आहे, पण त्याची पूर्ण हकिकत मी तुला कधी सांगितली नव्हती. आजीनं लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात मेणवलीच्या माहेरून एक काडी आणली आणि परसात विहिरीच्या कडेला लावली. तू लहान होतीस तेव्हा तिथं छातीएवढं झुडूप होतं. तू दहावीत असताना दिवाळीच्या आधी आपण घराला चुना दिला. चुन्याच्या बादल्या धुतल्या आणि ते पाणी मी त्याच आळ्यात ओतलं. कामाच्या गडबडीत लक्षातच आलं नाही. आठ दिवसांत पानं पिवळी पडली आणि संक्रांतीपर्यंत सगळी काटकी झाली. मी आजींसमोर जायला घाबरत होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. खुरपं घेऊन त्या झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि एक वीट उचलली. पावसाळ्यात त्यांनी एक फांदी वाकवून मातीत दाबली होती, वर वीट ठेवली होती. तिला मुळं फुटली होती आणि चुन्याचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. त्या एका फांदीपासून पुढं आपल्याकडे तीन झाडं झाली आणि त्यातल्या एकाची दाबकलम तू घर मांडलंस तेव्हा तुझ्याबरोबर दिली. तेव्हा आजी नव्हत्या.

आता तो फुलत का नाही ते सांगते. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला. जुन्या काड्या तशाच वाढू दिल्या की झाड वेलीसारखं लांबतं, हिरवंगार राहतं, पण कळी धरत नाही. तुझ्या फोटोत मला हेच दिसलं. त्यात तू दर पंधरा दिवसांनी बाटलीतलं द्रवखत घालतेस. त्यात नत्र भरपूर असलं की पान वाढतं आणि फूल मागे राहतं. ते आधी बंद कर.

आम्ही छाटणी माघात करतो, थंडी उतरायला लागली की. तुला उशीर झालाय, पण हंगाम अजून हातचा गेलेला नाही. कात्री स्वच्छ पुसून घे. वाळलेल्या आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून काढ. बाकीच्या निम्म्यानं कमी कर, डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या गाठीच्या, जरासं वर, तिरक्या कापानं. उरलेली पानंही हातानं खुडून टाक. तुला ते क्रूर वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मग वरची दोन बोटं माती हलकेच उकर आणि चार-पाच दिवस पाणी तोड. त्यानंतर खोक्यातल्या पिशवीतलं शेणखत दोन ओंजळी आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळ, आणि भरपूर पाणी दे. कुंडी कपाटाशेजारून उचलून कठड्याजवळ ठेव. मोगऱ्याला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन हवं, नुसता उजेड त्याला पुरत नाही. तुझी बाल्कनी पूर्वेकडची आहे, सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत येतं म्हणालीस, तेवढं चालेल. महिना-सव्वा महिन्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसायला लागतील.

आमच्याकडे त्या दिसायला लागल्यात. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन मोजायला जातात.

मागच्या महिन्यात तू रस्त्यावरच्या गुलाबी झाडांचे फोटो पाठवलेस ना, पान एकही नाही आणि नुसता गुलाबी ढग, ते बाबांनी सगळ्या आळीला दाखवले. तबेबुया म्हणे, मूळचं अमेरिकेतलं झाड. मग त्यांनी लालबाग सांभाळणाऱ्या क्रुम्बिगल नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट सांगितली. एका झाडाचा बहर संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी झाडं त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांवर लावली. मला ती कल्पना फार आवडली. पण तुझ्या गल्लीच्या टोकाला 'होंगे' म्हणून जे झाड आहे ते बघ. ते आपलं करंज आहे, घाटावर नदीकाठी असतं तेच. आता जुनी पानं गाळून ते पोपटी, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी काढत असेल. ऑफिसला जाताना एकदा मान वर करून बघ, एवढंच.

इथं पसरणी घाटात पळस पेटलाय. पांगारा लाल झालाय आणि सावरीची फुलं झाडाखाली पडून गाई खातायत. होळीच्या आधी बाबा आणि मी घाटात जाऊन खाली पडलेली पळसाची फुलं दोन पिशव्या भरून आणली. झाडावरची तोडली नाहीत, त्यावर शिंजीर आणि मैना तुटून पडलेल्या असतात. फुलं रात्रभर गरम पाण्यात भिजवली आणि सकाळी उकळली. त्यातलं निम्मं पाणी आळीतल्या मुलांना रंगपंचमीसाठी दिलं. उरलेल्यात पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे रंगवले. आधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवलं होतं, म्हणजे रंग धरतो. पिवळा असा उतरलाय की बघत बसावं. हळदीसारखा भडक नाही, पिकत आलेल्या आंब्याच्या सालीसारखा.

त्यातला एक तुकडा छकुलीच्या गुढीसाठी आहे. खोक्यात एक हातभर वेळूची काडी आहे, बाबांनी घासून गुळगुळीत केलीय. तुझा भातुकलीतला तांब्या मी माळ्यावरून शोधून काढला, तो चिंचेनं घासलाय. कापडाच्या तिनं स्वतः निऱ्या कराव्यात, तू करून देऊ नकोस. वाकड्या झाल्या तरी चालतील. गाठी इथल्या बाजारातून घेतली, छोटी, पांढरी आणि गुलाबी. ती कशी करतात ते तिला सांग. लाकडी साच्यात दोरा मांडतात, त्यावर साखरेचा पाक ओततात आणि थंड झाला की दोऱ्यासकट उचलतात. तू सहा वर्षांची असताना आपण ती करताना बघायला गेलो होतो. कारागिरानं तुला साच्याच्या कडेला राहिलेला तुकडा दिला होता आणि घरी येईपर्यंत तू मूठ उघडली नव्हतीस.

कडुलिंबाची डहाळी मात्र तिथंच मिळेल. त्याच दिवशी तुमच्याकडे युगादी, बाजारात बेवु-बेल्ला म्हणून कडुलिंब आणि गूळ विकायला असतीलच. शक्यतो फुलोऱ्याची डहाळी घे. आपण घेतो तसा कोवळा पाला, गूळ, ओवा, मिरे आणि चिमूटभर हिंग कुटून छकुलीला बोटभर चाटव. तोंड वाकडं करेल, करू दे.

आता चैत्रांगणाचं. हे मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं. पाडव्यानंतर दोन दिवसांनी, शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. आजी त्या महिन्यात रोज पहाटे अंगण सारवून चैत्रांगण काढायच्या. मध्ये मखरात, झोपाळ्यावर गौर. तिच्या दोन बाजूंना सूर्य नि चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, आंब्याचं झाड, अंबारीचा हत्ती. आणि गौर लेक आहे म्हणून तिच्यासाठी फणी, आरसा, कुंकवाचा करंडा. आजींचा हत्ती नेहमी मान मागे वळवून बघायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "गौर नीट बसली का ते बघतोय. त्याशिवाय तो कसा निघेल?" मी आजही हत्ती तसाच काढते. दुसऱ्या कुणाच्या अंगणात मी तसा हत्ती पाहिलेला नाही.

तुझ्याकडे अंगण नाही, शेणानं सारवायची सोय नाही, ते मला समजतं. पण बाल्कनीच्या दारासमोर दोन फरश्यांएवढी जागा आहे. खोक्यात गेरूची पुडी आहे, ती पाण्यात कालवून फडक्यानं तेवढा चौकोन रंगव, वाळला की वर पांढरी रांगोळी उठून दिसते. रोज सगळं काढायला जमणार नाही. रोज एक आकृती काढा, एक दिवस कासव, एक दिवस मोर. मी एका मोठ्या कागदावर सगळ्या आकृत्या काढून दिल्यात. छकुलीला चिमटीतून रांगोळी सोडायला शिकव, अंगठा आणि पहिलं बोट, हात जमिनीपासून जरा वर. तू डाव्या हातानं काढायचीस आणि आजी तुला कधीच टोकायच्या नाहीत. हत्तीची मान मात्र मागे वळलेली असू दे.

एखाद्या शुक्रवारी हळदीकुंकू कर. चार बायका पुरे. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंबेडाळ, पन्हं. कलिंगडाचं कमळ करायला छकुलीला बसव, तिला फक्त कडा कातरायला दे, सुरी तुझ्या हातात. आंबेडाळीला तिथली तोतापुरी घेऊ नकोस, तिला आंबटपणा कमी. म्हणून आपल्या रायवळाच्या कैऱ्या पाठवतेय, लहान आहेत पण दात आंबतील अशा. डाळ चार तास भिजव आणि भरडच वाट. मिक्सर एक फेरा जास्त फिरला की चटणी होते. फोडणीत हिंग सढळ हातानं घाल. रामनवमीला तुझ्या शेजारच्या काकू पानक आणि कोसंबरी पाठवतात ना, त्यांना या वेळी तू वाटीभर आंबेडाळ दे. मुगाची कोसंबरी आणि आपली आंबेडाळ, एकमेकींना लगेच ओळखतील.

इकडची एक गंमत. बुलबुलानं या वर्षी स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या अडुळशात घरटं केलंय, वाटीएवढं. तीन अंडी आहेत, फिकट गुलाबी, त्यावर लालसर तपकिरी ठिपके. मी त्या बाजूच्या दोरीवर कपडे वाळत घालणं बंद केलंय आणि बाबा विहिरीकडे पुढच्या दारानं वळसा घालून जातात. दुपारी सगळं सामसूम झालं की तांबटाचं टुक टुक तेवढं ऐकू येतं आणि मादी अंड्यांवर बसून माझ्याकडे बघत असते. मी खिडकीत उभी राहते. दहा मिनिटं, कधी पंधरा. दिवसातली माझी ही सगळ्यात आवडती वेळ झालीय. छकुलीला सांग, काही नवीन झालं की आजी फोन करेल.

तिच्या बाहुलीसाठी उशीही केलीय. गेल्या वैशाखात घाटातून सावरीचा कापूस गोळा केला होता. बोंडं फुटली की तो म्हाताऱ्यांसारखा उडत येतो. पिंजून भरला, अभ्रा पळसाच्या पिवळ्या कापडाचा. वर मोर भरतेय, त्याचा पिसारा आज रात्री पुरा होईल.

कळ्या आल्या की संध्याकाळी पाचच्या सुमारास खुड, त्या टपोऱ्या झालेल्या असतात पण उमललेल्या नसतात. चार कळ्या माठात टाक. बाकीच्यांचा गजरा कर. खोक्यात केळीच्या सोपटाचे दोरे आहेत, वापरण्याआधी ओले करून घे. दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, आणि मध्ये गाठ. तिथं बाजारात गजरा मोळावर मिळतो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, तो तू घेत असशीलच. पण पहिल्या वर्षी तुझ्या झाडाच्या आठ-दहाच कळ्या येतील, तर त्या छकुलीच्या वेणीला पुरतील.

आणि छाटलेल्या काड्या फेकू नकोस. करंगळीएवढ्या लांबीच्या नकोत, वीतभर, दोन-तीन डोळे असलेल्या घे. खालची पानं काढून ओल्या वाळूत लाव आणि सावलीत ठेव. चार लावल्या तर एखाददुसरी जगते. जगली की एक त्या काकूंना दे.

तुझी,
आई

ता. क. कैऱ्या खोक्याच्या तळाशी आहेत. शनिवारी रात्रीच बाहेर काढ, नाहीतर चीक पिवळ्या कापडाला लागेल. जावईबापूंना आशीर्वाद.