सूचना : चित्रपट महोत्सवांचे अर्ज रविवारी भरायचे

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 11 वाजता छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकातल्या नेहमीच्या खोलीत फिल्मफ्रीवेचे (महोत्सवांना फिल्म पाठवायचं संकेतस्थळ) अर्ज मिळून भरू. लॅपटॉप, पोस्टर, तीन-चार स्टिल्स आणा. पहिल्या मुदतीत फी कमी असते, म्हणून ही घाई.

– पूर्ण फिल्म यूट्यूबवर खुली करू नका. बऱ्याच महोत्सवांत प्रीमियरचा, म्हणजे पहिल्या जाहीर खेळाचा, मान तिथंच जातो.
– विमिओ या व्हिडिओ साइटवरच्या फिल्मच्या लिंकचा पासवर्ड निकालापर्यंत बदलू नका. फिल्म उघडली नाही तर फी वाया.
– इंग्रजी सबटायटल्स चित्रावरच हवीत, शिवाय एसआरटी फाइल (सबटायटल्सचा मजकूर आणि वेळा असलेली) वेगळी ठेवा. ‘इरजिक’सारखा शब्द नुसता रोमन अक्षरांत लिहून भागत नाही. गावानं मिळून केलेली नांगरट परक्या प्रेक्षकाला कळलीच पाहिजे. यावर खरंच वेळ घाला.
– गाण्यांची लेखी परवानगी नसेल तर आधी ती मिळवा.